प्रति: दोन पंख्यांच्या रिमोट हेलिकॉप्टरनंतर थेट सहा चॅनलचं घ्यावं का?

थेट सहा चॅनल (रिमोटने स्वतंत्रपणे देता येणारा एकेक हुकूम म्हणजे एक चॅनल) नको. तुमच्या खेळण्यात एकमेकांवर उलटे फिरणारे दोन पंखे आहेत, त्यामुळे स्टिक सोडली तरी ते स्वतःच स्थिरावतं. एकाच पंख्याच्या हेलिकॉप्टरमध्ये ही स्थिरता राहत नाही. पंखा वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर शेपटीच्या पंख्याच्या जोराने मॉडेल डावीकडे सरकतं. जागेवर ठेवायला स्टिक किंचित उजवीकडे धरूनच ठेवावी लागते. हा बिघाड नव्हे, ट्रिमशी (स्टिकचा मध्य बारीक सरकवणाऱ्या बटणांशी) झटापट करू नका.

आधी चार चॅनलचं, पात्यांचा कोन न बदलणारं छोटं मॉडेल घ्या. शेपूट आपल्याकडे ठेवून एक पूर्ण बॅटरी जागेवर स्थिर धरता आलं की ४५ अंश वळवून, मग आडवं, आणि सगळ्यात शेवटी तोंड आपल्याकडे. इथे डावं-उजवं उलटं होतं आणि बहुतेक मॉडेलं इथेच पडतात. पडताना आधी थ्रॉटल (मोटरचा वेग) शून्य! पाती अडकून मोटर फिरत राहिली की गिअरचे दात जातात, मोटर जळते. जास्तीची पाती आणि शेपटीची मोटर सोबतच मागवा.

सहा चॅनलआधी सिम्युलेटर (कॉम्प्युटरवर उडवण्याचा सराव) हवाच.

लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरीचा एकेक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नका. ठेवून द्यायचा तर ३.८ वर.

बेळगाव-खानापूरकडे पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा ही हलकी मॉडेलं हॉलमध्येच बरी. बाहेर उडवण्याआधी, विशेषतः सांबऱ्याच्या विमानतळाच्या आसपास, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघा.