'मोलकरीण' लिहू की नको?

पर्वरीहून प्रश्न : सोसायटीच्या गेटवर लावायची सूचना मराठीत लिहायचं काम माझ्याकडं आलं. 'मोलकरणींनी वहीत सही करावी' असं लिहिलं. शेजारीण म्हणाली, बरं दिसत नाही, 'मदतनीस' लिहा. हा शब्द खरंच अपमानाचा आहे का?

फोंड्याहून : शब्द स्वच्छ आहे. मोल घेऊन काम करतो तो मोलकरी, ती मोलकरीण. 'मोलमजुरी'तलं मोल तेच. पगार शब्दातच बसलाय. मदत काय, फुकटही होते! शब्द बाटला तो म्हणणाऱ्यांच्या सुरानं. 'घाटी' बघा. घाटावरचा तो घाटी. पण विजापूर-गदगहून आलेल्या बाईला आपल्याकडं ज्या सुरात घाटी म्हणतात, त्यात घाट कुठं उरतो?

मडगावहून : कोकणीत मोलकरीण क्वचितच ऐकू येतं. जुन्या ख्रिस्ती घरांत 'क्रियाद' म्हणत, तो पोर्तुगीजातून आलेला. आता सगळीकडं 'कामवाली'. पूर्वी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या घरी मुंडकाराच्या, म्हणजे त्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या बायका राबत. निदान मुंडकाराला राहत्या घरातून हुसकू नये म्हणून 1975 साली कायदा झाला. झुआरीनगरात भाड्याच्या खोलीत राहून चार घरची आयदनां (भांडी) घासणारीला तेवढाही आधार नाही.

फोंड्याहून : मला खटकतो तो 'घरच्यासारखी' हा शब्द. पगारवाढ मागितली की हमखास निघतो. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्यात घरकामगार कोण ते सांगितलंय : पैसे किंवा वस्तू घेऊन दुसऱ्याच्या घरी काम करणारी, पूर्णवेळ असो वा थोडा वेळ. आणि पुढं स्पष्ट म्हटलंय, मालकाच्या कुटुंबातली व्यक्ती यात येत नाही. म्हणजे 'घरच्यासारखी' म्हणा हवं तर, 'घरची' नाही.

डिचोलीहून : मग 'घरेलू कामगार' लिहा. महाराष्ट्राच्या 2008च्या कल्याण मंडळाच्या कायद्यात तेच आहे.

पर्वरीहून : 'घरेलू'ला हिंदीचा वास येतो. 'घरकामगार' लिहिलं. आमच्याकडं येते तिलाही विचारलं, गदगकडची आहे. म्हणाली, आमच्यात 'मनेकेलसा' म्हणतात. मने म्हणजे घर, केलसा म्हणजे काम. कामाला शब्द आहे, पण करणारीला काय म्हणतात ते विचारलं तर हसली नुसती. गेटवरची वही उघडून पाहिली. दोन वर्षं ती रोज सही करतेय, आणि नावाच्या रकान्यात वॉचमननं लिहिलंय, '302ची बाई'. 104 आणि 201मध्येही तीच जाते.