वॉर्डात बीपी ऐकूच येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार. मी जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) पहिल्या वर्षाला आहे, रोज कळव्याहून परळला येते. दोन आठवड्यांपूर्वी फीमेल मेडिसिन वॉर्डात पोस्टिंग लागलं. बेड मेकिंग, स्पंज बाथ, टेम्परेचर, नाडी जमतंय. श्वास मोजणंही जमलं. नाडी झाली तरी मनगट सोडायचं नाही आणि नजर छातीवर ठेवायची. आपला श्वास मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो.

अडतंय बीपीपाशी. लॅबमध्ये मैत्रिणींचं नीट ऐकू यायचं. वॉर्डात पंखे, ट्रॉल्या, नातेवाइकांची वर्दळ, त्यात स्टेथोमधून नुसती खरखर येते. डायलचा काटा थरथरला की तोच वरचा आकडा धरते, खालचा सापडतच नाही.

परवा एका आजींचं तीनदा घेतलं. दंड लाल झाला त्यांचा. "झालं का गं बाळा?" म्हणाल्या. मी सकाळचा आकडा पाहून त्याच्या आसपासचा १३०/८० लिहून टाकला. रात्रभर झोप नाही. सकाळी जाऊन सिस्टरांना सांगितलं, त्यांनी स्वतः पुन्हा घेतलं. आजी बऱ्या होत्या, पण माझ्या आकड्यावर कुणी गोळी ठरवली असती तर? हे मला पुन्हा करायचं नाही. कान कसा तयार करू? आणि ऐकूच आलं नाही तर काय लिहायचं?

प्रतिसाद
बाळा, सांगितलंस ते फार बरं केलंस. ऐकू आलं नाही तर आकडा लिहायचा नाही, ड्यूटीवरच्या सिस्टरला लगेच हाक मारायची. त्यात कसली लाज?

आता कानाचं. स्टेथोची टोकं नाकाच्या दिशेला वळलेली हवीत, उलटी घातलीस तर काही ऐकू येणार नाही. कोपराच्या आतल्या बाजूची नाडी आधी बोटांनी शोध, स्टेथो तिथेच ठेव. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, बाहीवर नको, हात हृदयाच्या पातळीला टेकवलेला हवा. मग मनगटाची नाडी धरून कफ फुगव. नाडी गेली तो आकडा लक्षात ठेव, हवा सोड, थोडं थांब. पुन्हा फुगवताना त्याच्यावर ३० पर्यंत जा आणि सेकंदाला २ ते ३ अशी सावकाश उतर. पहिला ठोका वरचा आकडा, आवाज थांबला तो खालचा. काट्याच्या थरथरीकडे बघू नकोस, ती आवाजाच्या आधीच सुरू होते. काही जणांचा आवाज मध्येच गायब होऊन पुन्हा येतो. आधी नाडीने अंदाज घेतला की तिथे फसायला होत नाही. चुकलीस तर हवा पूर्ण सोडून मिनिटभर थांबायचं, अर्ध्यातून परत फुगवायचं नाही.

धागाकर्ती
ताई, खूप आभार. काल रात्री टीव्ही चालू ठेवून बाबांचं घेतलं. नाडी ११० ला गेली, १४० पर्यंत फुगवलं, पहिला ठोका ११६, आवाज थांबला ७४ ला. दोन्ही स्पष्ट! आईचा दंड मात्र जाड आहे, कफ जेमतेम पुरला आणि आकडा बराच वर आला. लहान कफने बीपी खोटं वाढलेलं दिसतं असं वर्गात शिकवलंय. वॉर्डात मोठा कफ हाताशी नसेल तर तुम्ही काय करता?