कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल: करावं की नको?

फाउंड्रीवाला
उद्यमनगरात एका फाउंड्रीत कास्टिंगच्या हिशेबाचे प्रोग्राम लिहितो. दिवसभर इमॅक्स, म्हणजे प्रोग्राम लिहायचा एडिटर. नुसतं सेव्ह करायला कंट्रोल धरून एक्स, परत कंट्रोल धरून एस. डावी करंगळी ठणकायला लागली तेव्हा कॅप्स लॉकलाच कंट्रोल करून टाकलं. लिनक्सच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये तो पर्याय तयारच असतो. कॅप्स लॉक म्हणजे मोक्याच्या जागेवर बसलेला बिनकामाचा भाडेकरू. सगळ्यांनी हाकलावा असं माझं मत.

राजारामपुरी_गल्ली
तुमच्याकडं बिनकामाचा असंल, आमच्याकडं रोज राबतोय. पत्रिका छापतो मी. ‘चि. सौ. कां.’ मराठीत, खाली ईमेल इंग्रजीत. भाषा बदलायचं बटण कॅप्स लॉकवरच ठेवलंय. त्याला कंट्रोल केलं तर मी काय दाबू?

फाउंड्रीवाला
पण दादा, ती जागा मुळात कंट्रोलचीच. १९७६ च्या एडीएम-३ए टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या कॉम्प्युटरला जोडायच्या पडदा-कीबोर्डवर, ए च्या डावीकडं कंट्रोलच होतं. बिल जॉय या प्रोग्रामरनं व्हीआय हा एडिटर त्याच्यावरच लिहिला.

राजारामपुरी_गल्ली
रंकाळ्याच्या जागी आधी दगडाची खाण होती म्हणतात. म्हणून आता तिथं सुरुंग लावायचा काय?

अंगठाबहाद्दर
😄 भांडण चुकीच्या बोटावरनं चाललंय. कॅप्स लॉक दाबायलाही करंगळीच लागते की! लिस्प मशीन म्हणून लिस्प भाषेसाठी बनवलेले जुने कॉम्प्युटर होते, त्यांच्या स्पेस-कॅडेट कीबोर्डवर कंट्रोल स्पेसबारला खेटून होतं, म्हणजे अंगठ्याखाली. मी डावं ऑल्ट आणि डावं कंट्रोल यांची अदलाबदल केलीय. पहिला महिना खिडक्या बदलताना हात चुकतो, नंतर नाही.

विद्यापीठ_हॉस्टेल
मराठी लिहिणाऱ्याचा खरा घोळ वेगळाच. लिनक्सवर इनस्क्रिप्ट, म्हणजे मराठी टायपिंगचा कीबोर्ड लेआउट (कुठल्या कीवर कुठलं अक्षर याची मांडणी), चालू ठेवून इमॅक्समध्ये कंट्रोल-एक्स दाबून बघा. एक्सच्या कीवर अनुस्वार असतो, त्यामुळं इमॅक्सला ‘कंट्रोल-ं’ पोचतं आणि असा शॉर्टकटच नाही म्हणून तो हात वर करतो. मी सिस्टिम कायम इंग्रजीत ठेवतो आणि इनस्क्रिप्ट इमॅक्सच्या आतलंच वापरतो. कंट्रोल-बॅकस्लॅशनं चालू, त्यानंच बंद. ते साधी अक्षरं तेवढी बदलतं, कंट्रोल किंवा ऑल्ट धरून दाबायच्या जोड्यांना हात लावत नाही. मग भाषेसाठी कॅप्स लॉक लागतच नाही.

राजारामपुरी_गल्ली
भावा, पत्रिका इमॅक्समध्ये होत नाही. गिऱ्हाइकाचा मजकूर व्हॉट्सॲपवर येतो, दुरुस्त्या ब्राउझरमध्ये, मांडणी तिसरीकडं. मला सगळीकडं चालणारं एकच बटण पायजे.

आणि या शॉर्टकटच्या नादाचा फटका खाल्लाय मी. विंडोजवर उजवं ऑल्ट म्हणजे बऱ्याच लेआउटमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबल्यागत. भारतीय इंग्रजी लेआउटवर उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतो. संध्याकाळच्या पोरानं एडिटरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-४ ला खिडकी दुभंगायचा शॉर्टकट दिला. सकाळी दरपत्रक करायला बसलो तर ₹ म्हणलं की खिडकीचे दोन तुकडे, परत दाबलं की तीन. कीबोर्डच बिघडला म्हणून दुसरा जोडला, तरी तेच. अर्धा दिवस गेला.

फाउंड्रीवाला
हे मान्य. कंट्रोल-ऑल्टच्या जोड्यांना मीही हात लावत नाही. पण दोष शॉर्टकटचा नाही, एका कॉम्प्युटरवर दोघांनी बसण्याचा आहे. पोराला वेगळं लॉगिन काढून द्या, त्याच्या सेटिंगा त्याच्याकडं.

राजारामपुरी_गल्ली
दिलंय की. तरी माझ्याच लॉगिननं बसतोय. पासवर्ड मीच मॉनिटरला चिकटवलाय, विसरतो म्हणून.