मदत हवी आहे: सायकलचं हेल्मेट चौदाशेचं घ्यावं की नऊ हजारांचं?

पेडलपांडू

नमस्कार मंडळी,

यंदा आषाढीला नाशिक-पंढरपूर सायकलवारीत जायचं नक्की केलंय. एरवी घर ते अंबड एमआयडीसी हे रोजचं येणं-जाणं सायकलवरच असतं, रविवारी त्र्यंबक रोड, आणि मित्र फारच मागे लागले तर कसारा घाट. सायकल साधी हायब्रीड, अठरा हजारांची. आतापर्यंत मुलाचं जुनं हेल्मेट डोक्यावर अडकवून भागवत होतो, ते आता त्यालाही नको नि मलाही नको अशा अवस्थेला आलंय.

दुकानदाराने तीन हेल्मेटं काउंटरवर मांडली. पहिलं चौदाशेचं. दुसरं साडेतीन हजारांचं, त्याच्या आत पिवळं प्लॅस्टिकचं जाळीसारखं काहीतरी बसवलेलं. तिसरं नऊ हजार दोनशेचं, हातात घेतलं तरी घेतल्यासारखं वाटत नाही इतकं हलकं. "सर, डोक्याच्या बाबतीत काटकसर नको," हे वाक्य त्याने नेमकं तिसऱ्याकडे बघत म्हटलं. अहो, सायकलच्या निम्म्या किमतीचं हेल्मेट घालून फिरलो तर चोर सायकल ठेवून हेल्मेट नेतील! घरी विचारलं तर बायको म्हणाली, "आधी डोक्याची किंमत ठरवा, मग हेल्मेटचं बघू." म्हणजे तिकडूनही काही उजेड नाही.

तर जाणकारांनी सांगावं. महागडं हेल्मेट खरंच डोकं जास्त वाचवतं, की आपण वजन आणि नावाचे पैसे मोजतो? ते पिवळ्या जाळीचं प्रकरण काय आहे? आणि ऑफिसातला एक जण छातीठोकपणे सांगतो की ही सगळी हेल्मेटं ताशी वीस किलोमीटरलाच तपासलेली असतात, घाटात त्यांचा उपयोग शून्य. तसं असेल तर नऊ हजार सोडा, चौदाशे तरी कशाला घालवू?

बजेट ओढूनताणून पाच हजार. घाम भरपूर येतो, केस फारसे उरलेले नाहीत.

फोमवाला

पॅकेजिंगच्या धंद्यात आहे, दिवसभर थर्माकोलच बघतो, म्हणून लिहितोय.

तिन्ही हेल्मेटांच्या आत थर्माकोलच आहे. काळा रंग दिला म्हणून वेगळा होत नाही. फक्त टीव्हीच्या खोक्यात येतो त्यापेक्षा बराच घट्ट असतो. डोकं आपटलं की तो चुरडतो, आणि त्या चुरडण्यात डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात. सगळी करामत एवढीच. एकदा चुरडलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून डोक्यासकट जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी बाद.

आता चाचणी. युरोपचं मानक ईएन 1078. त्यात हेल्मेटमध्ये धातूचं डोकं घालून ते साधारण दीड मीटरवरून सपाट पोलादावर सोडतात. आपटतानाचा वेग ताशी साडेएकोणीस किलोमीटर, आणि आतल्या डोक्याला बसणारा धक्का 250 जीच्या (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाची पट) वर जाता कामा नये. अमेरिकेचं सीपीएससी मानक 1999 पासून तिथे सक्तीचं आहे, त्यात उंची दोन मीटर आणि मर्यादा 300 जी. यातलं एखादं मानक चौदाशेच्या हेल्मेटवर खरोखर असेल तर ते परीक्षा पास झालेलं आहे. नऊ हजारवालंही पासच आहे. गोम अशी की हा दाखला फक्त "उत्तीर्ण" सांगतो, पस्तीस टक्के की नव्वद ते सांगत नाही.

तुमच्या ऑफिसमित्राचा आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. घाटात तुम्ही ताशी पन्नासने उतरताय आणि घसरून पडलात, तर डोकं जमिनीवर पन्नासने आपटत नाही. ते खाली येतं तुमच्या उंचीवरून, आणि तो वेग चाचणीतल्या वेगाच्या आसपासचाच असतो. पुढे जाण्याचा वेग बहुतेक घसरण्यात, कातडी सोलवटण्यात जातो. मात्र समोर ट्रकचा मागचा भाग किंवा संरक्षक कठडा आला तर गणित पार बदलतं, आणि तिथे नऊ हजारवालंही चमत्कार करणार नाही.

जुनीमाती

आम्ही अॅटलसच्या सायकलवर डबलसीट दूध घालायला जायचो. हेल्मेट कुठलं, ब्रेकसुद्धा मागचा एकच. काही झालं नाही. कंपन्यांचे धंदे आहेत सगळे.

नाशिकची ताई

जुनीमाती काका, तेव्हा त्या रस्त्याला दिवसाला चार गाड्या जायच्या. आता गंगापूर रोडला रात्री साडेआठला येऊन बघा.

घाटवळण

पिवळ्या जाळीबद्दल. तिचं नाव मिप्स. स्वीडनमधले मेंदूचे शल्यविशारद हान्स फॉन होल्स्ट आणि स्टॉकहोमच्या केटीएच संस्थेतले संशोधक पीटर हाल्डिन यांच्या कामातून ती आली. वर फोमवाल्यांनी जी चाचणी सांगितली त्यात डोकं सरळ खाली पडतं. खऱ्या अपघातात असं क्वचित होतं. सायकलवरून पडताना आपण पुढे जातही असतो, त्यामुळे डोकं तिरकं आपटतं आणि त्याला हिसका बसून ते गर्रकन फिरतं. कवटी फिरली तरी मेंदू क्षणभर जागच्या जागी राहू पाहतो, आणि त्या ओढाताणीत मेंदूला इजा होते. ईएन 1078 आणि सीपीएससी या दोन्हींत हा हिसका मोजलाच जात नाही.

मिप्समध्ये आतला थर कवचापासून सुटा असतो आणि आपटताना दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो. दुकानात तपासायचं असेल तर एका हाताने कवच घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताची बोटं आतल्या पिवळ्या थरावर टेकवून तो डावीकडे-उजवीकडे ढकला. छोट्या रबरी गुंड्यांवर तो किंचित हलताना दिसेल. हलत नसेल तर नुसतं पिवळं प्लॅस्टिक आहे.

फायदा किती, यावर वाद आहेत. टाळूची कातडी आणि केसही थोडे सरकतातच, त्यामुळे जाळीने किती भर पडते ते मॉडेलगणिक बदलतं. (पांडूशेठ, केस उरलेले नाहीत म्हणता, म्हणजे तुम्हाला जाळीची गरज जास्त!) पण यात अंदाजाने बोलायची गरज नाही. अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ 2018 पासून सायकलची हेल्मेटं मुद्दाम तिरकी आपटून बघतं आणि गुण व पाचपैकी तारे देतं. यादी फुकट बघायला मिळते, शेजारी किंमतही असते. तिथे स्वस्तातली कितीतरी हेल्मेटं पाच तारे घेऊन बसलीत आणि तिप्पट किमतीची काही त्यांच्या खाली आहेत. तारे जास्त हवेत, पण गुण मात्र जितके कमी तितकं हेल्मेट चांगलं, हे ध्यानात ठेवा, नाहीतर यादी उलटी वाचाल.

माझं मत विचाराल तर चौदाशेवरून साडेतीन हजारांवर जाण्यात अर्थ आहे. साडेतीनवरून नऊवर जाण्यात डोक्यासाठी फारसं काही नाही.

दोनशेचीबीआरएम

नऊ हजारवाल्यांच्या बाजूने कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. माझं त्याच पट्टीतलं आहे.

जादा पैशात तीन गोष्टी मिळतात. वजन साधारण शंभर ग्रॅम कमी. घरापासून ऑफिसपर्यंत त्याचा पत्ताही लागत नाही, पण दिवसभर मान वाकवून सायकल मारली की संध्याकाळी मान आपणहून सांगते. दुसरी गोष्ट हवा. स्वस्त हेल्मेटला भोकं असतात, पण महागड्याला आतून कपाळापासून मागपर्यंत खोल पन्हळी असतात, त्यातून हवा खरंच वाहते. भोकं जास्त पाडली की उरलेला थर्माकोल तेवढाच भक्कम ठेवावा लागतो, आत सांगाडा घालावा लागतो, खर्च तिथे होतो. तिसरी गोष्ट हेल्मेट डोक्यावर आवळायची मागची चकती आणि पट्टे. एका हाताने, चालत्या सायकलवर, घामेजल्या बोटांनी चकती फिरवता येणं ही साधी गोष्ट नाही.

आणि उकाड्याला चैन समजू नका. व्यावसायिक सायकलपटूंना 2003 पर्यंत हेल्मेटची सक्ती नव्हती. त्या मार्चमध्ये पॅरिस-नीस शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव पडून डोक्याच्या दुखापतीने गेला आणि मग जागतिक संघटनेने सक्ती केली. तरीही सुरुवातीला, शर्यतीचा शेवट पाच किलोमीटरपेक्षा लांब चढावर असेल तर तिथे हेल्मेट काढायची मुभा होती. कारण हेच, उकाडा. आपल्याकडे एप्रिलमध्ये त्र्यंबकच्या वाटेवर लोक हेल्मेट हँडलला लटकवून जाताना दिसतात. लटकवलेलं नऊ हजारांचं हेल्मेट डोक्यावरच्या चौदाशेच्या तुलनेत कुचकामीच.

नाशिकची ताई

सगळे पैशांवर बोलताय, मापाचं कोणी बोलतच नाही. पांडूदादा, टेलरची टेप घ्या आणि भुवयांच्या वर बोटभर, डोक्याच्या सगळ्यात रुंद घेरावर माप घ्या. सेंटीमीटरमध्ये. मग दुकानात पट्टे न लावता नुसती मागची चकती आवळा आणि खाली वाकून मान जोरात हलवा. हेल्मेट जागेवर राहिलं पाहिजे. पुढची कड भुवयांच्या वर दोन बोटं, त्याहून मागे नको. आपल्याकडे निम्मे लोक हेल्मेट टोपीसारखं मागे सरकवून घालतात, कपाळ उघडंच. पट्ट्यांचा इंग्रजी व्ही कानाच्या पाळीखाली जुळला पाहिजे आणि हनुवटीखाली एक बोट जेमतेम जावं.

अजून एक. पुष्कळ युरोपियन कंपन्यांचा साचा लांबट डोक्याचा असतो. आपल्यातल्या अनेकांची डोकी गोल. मला एका महागड्या हेल्मेटमध्ये कानशिलं दाबली जाऊन पाऊण तासात डोकं ठणकायला लागायचं, एक माप मोठं घेतलं तर पुढे-मागे डुगडुगायचं. शेवटी स्वस्तातलंच बसलं. अंबाडा किंवा वेणी असेल तर मागच्या चकतीखाली केसांना जागा आहे का तेही बघावं लागतं, पण तो तुमचा प्रश्न नाही.

आइंडहोवनकर

इथे नेदरलँड्समध्ये बाजाराला, शाळेला जाणारे बहुतेक लोक हेल्मेट घालतच नाहीत, म्हणून जुनीमाती काकांना आनंद होईल. पण रस्त्यापासून वेगळी सायकलवाट आहे आणि वेग बेताचा. तेच लोक रविवारी रोडबाईक काढतात तेव्हा डोक्यावर हेल्मेट असतं. ताशी 45 किलोमीटरपर्यंत जाणाऱ्या विजेच्या सायकलींना तर सक्ती आहे, आणि त्यांच्यासाठी एनटीए 8776 नावाचं वेगळं मानक आहे. त्यात जास्त वेगाने आपटून बघतात आणि कानशिलांकडचा व मागचा भागही जास्त झाकलेला लागतो. ई-सायकल घेणार असाल तर एवढं लक्षात असू द्या. साध्या सायकलला गरज नाही.

पेडलपांडू

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे माप घेतलं, घेर 58 भरला. दुकानातल्या साडेतीनवाल्याच्या आत चिठ्ठी चिकटवलेली आहे: 54 ते 58. म्हणजे काठावर. दुकानदार म्हणतो, "बसतंय की सर." पिवळा थर हलतो, बघितलं.

दोन शंका. एक, घरात अॅक्टिवाचं आयएसआय हेल्मेट पडून आहे, घाट उतरताना तेच घातलं तर? दोन, ऑनलाइन सहाशे रुपयांत "ईएन 1078" छापलेलं मिळतंय, भाच्यासाठी घ्यावं का?

फोमवाला

अॅक्टिवाचं हेल्मेट ज्या आयएस 4151 मानकाचं आहे ते मोटरच्या दुचाकीसाठी आहे. वजन किलोच्या आसपास, हवा जवळजवळ नाही, वर कान झाकलेले. उतारावर निभेल हो, पण घाट चढून जाताना ते कुठे ठेवणार? आणि पेडल मारत घातलंत तर डोक्याचा कुकर होईल.

काठावरचं माप घेऊ नका. चकती पूर्ण सैल करून बसत असेल तर खाली घाम टिपायची पातळ टोपी किंवा रुमाल घालायला जागाच उरत नाही. मोठं माप मागवायला सांगा, चार दिवस थांबावं लागलं तरी चालेल.

सहाशेवाल्याची चिठ्ठी बघा. खऱ्या ईएन 1078 हेल्मेटवर मानकाचा आकडा एकटा नसतो. बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, घेर सेंटीमीटरमध्ये, वजन, आणि कुठल्या वर्षाच्या कुठल्या तिमाहीत बनलं ते सगळं असावं लागतं. बाहेर मोठ्या अक्षरात नुसती युरोपची खूण "सीई" आणि आत काहीच नाही, असं असेल तर भाच्याला ते देऊ नका. त्यापेक्षा माहितीतल्या कंपनीचं हजार-बाराशेचं घ्या. नवीन घेतानाही तारीख बघाच, दुकानात तीन-तीन वर्षं पडलेला मालही सवलतीत खपवतात.

पेडलपांडू

मोठं माप मागवलं, 58 ते 62 चं, तीच पिवळी जाळी. शनिवारी येणार म्हणालाय. उरलेल्या पैशांत मागचा दिवा आणि पावसाळी जाकीट. घामाने आतल्या गाद्या कुजतात असं ऐकलंय, त्या धुवायच्या कशा? चेन साफ करायला पेट्रोल ठेवतो, पट्ट्यांवरचा मळ त्यानेच काढला तर?

घाटवळण

पेट्रोल अजिबात नको!! थर्माकोलवर पेट्रोल टाकून बघा एकदा, विरघळून चिकट लगदा होतो. थिनर, रॉकेल, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळ्यांना लांबूनच नमस्कार. गाद्या वेल्क्रोवर असतात, ओढून काढायच्या, कोमट पाण्यात अंगाच्या साबणाने धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. कवच आणि पट्टे ओल्या फडक्याने. बंद गाडीच्या मागच्या काचेखाली उन्हात ठेवू नका. चाचणीत हेल्मेट 50 अंशांपर्यंत तापवून आपटतात, पण मे महिन्यात बंद गाडीत काचेखाली त्याच्या वर जातं. वारीत पाऊस असेल, म्हणून गाद्यांचा एक जादा जोड जवळ ठेवा. रात्रीत वाळत नाहीत आणि सकाळी ओलं हेल्मेट घालायला जीवावर येतं.