रि: रि: तातडीचं – केमिस्ट्री आणि फिजिक्स मेपर्यंत कुठे होईल?

मेधा, सोमवार रात्री

मंडळी, नमस्कार. घाईत लिहितेय. शाल्मलीला युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगच्या मास्टर्सला घेतलंय, पण 'कंडिशनल'. तिच्या बी.पी.टी.एच.मधलं (फिजिओथेरपीची डिग्री) अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सायकॉलॉजी धरलं. बायॉलॉजीच्या जागी मायक्रोबायॉलॉजी चालेल म्हणाले. केमिस्ट्री आणि फिजिक्स मात्र मेपर्यंत पूर्ण करा म्हणतात, वर्ग जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू. ती पुण्यातच आहे. इथल्या, म्हणजे टेक्ससच्या, कम्युनिटी कॉलेजमधून ऑनलाइन होईल का? नेमका कोणता कोर्स? शुक्रवारपर्यंत कळवायचंय, तेव्हा प्लीज लवकर.

संजय, सोमवार रात्री

टेक्ससमध्ये या कोर्सचे नंबर सगळ्या कम्युनिटी कॉलेजांत सारखे असतात, त्यामुळे डॅलस की ह्यूस्टन हा प्रश्न नाही. पहिला आकडा वर्षाचा, दुसरा क्रेडिटचा. केमिस्ट्रीला केम १४०६ बघा. हेल्थवाल्यांसाठीचा आहे, लॅब धरून ४ क्रेडिट. केम १४११ नको, तो सायन्स मेजरवाल्यांचा, आठ आठवड्यांच्या टर्ममध्ये दमछाक होते.

फिजिक्सला फिज १४०१. खरी अडचण तिथे आहे. बारावीला पीसीबी घेऊन गणित सोडलं असेल तर रजिस्ट्रेशनच होत नाही. आधी कॉलेज अल्जिब्रा, म्हणजे मॅथ १३१४, आणि बरेचदा ट्रिगनॉमेट्रीही मागतात. सिस्टिम नुसती एरर दाखवते. काउन्सेलरला मेल टाकून ओव्हरराइड मागावा लागतो, आणि त्यासाठी गणिताचा काहीतरी पुरावा लागतो. फिज १४०५ ला गणित कमी, पण तो नॉन-सायन्सवाल्यांसाठीचा संकल्पनांचा कोर्स. डिपार्टमेंटला चालेल का ते नंबरासकट लेखी विचारा. "एखादा फिजिक्सचा कोर्स चालेल का?" असं विचारलंत तर "हो" असंच उत्तर येईल आणि ट्रान्सक्रिप्ट गेल्यावर नाकारतील.

अशोककाका, मंगळवार सकाळ

बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री दोन्ही झालंय की तिचं. महाराष्ट्र बोर्डाची मार्कशीट पाठवा, विषय संपला. साडेचार वर्षं फिजिओथेरपी शिकून पुन्हा 'ट्रेनर' कशाला व्हायचं, हेही कळलं नाही. आणि शैक्षणिक चौकशा मंडळाच्या युवा समितीच्या लिस्टवर टाकायच्या हे वार्षिक सभेत ठरलंय. इथे फक्त कार्यक्रम.

वैशाली, मंगळवार दुपार

काका, बारावी चालत नाही. हे त्या युनिव्हर्सिटीचं खूळ नाही. कोर्सला मान्यता देणाऱ्या कमिशनचं मानकच तसं आहे: बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, सायकॉलॉजी, अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, सगळं बारावीनंतरच्या पातळीवर झालेलं हवं. त्यात लॅबचा उल्लेख नाही. लॅब मागायची की नाही हे प्रत्येक प्रोग्रॅम ठरवतो. मेधाताई, हे आधी विचारा, कारण पुण्यात बसून लॅब करणं हा वेगळाच घोळ आहे. घरी करायच्या लॅबचं किट मागवावं लागलं तर रसायनांमुळे ते भारतात पाठवायला बहुतेक तयार नसतात. सिम्युलेशनवाली लॅब असलेला सेक्शन शोधावा लागेल, आणि तशी लॅब चालते का तेही विचारावं लागेल.

आता ट्रेनर. जिममधला पर्सनल ट्रेनर वेगळा. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अ‍ॅथलेटिक ट्रेनिंगला आरोग्य व्यवसाय म्हणून १९९० मध्ये मान्यता दिली. टेक्सस तर लायसन्स देणारं पहिलं राज्य, १९७१ पासून. मैदानावर इजा तपासणं, मान-मणक्याची दुखापत सांभाळणं, कन्कशननंतर (डोक्याला मार लागल्यावर) खेळाडूला परत कधी सोडायचं, रिहॅब, हे सगळं त्यात येतं. बी.पी.टी.एच.वर थेट बीओसीच्या (ट्रेनरना प्रमाणपत्र देणारं बोर्ड) परीक्षेला बसता येत नाही. कॅनडा, आयर्लंडसारख्या मोजक्या देशांशी करार आहे, भारताशी नाही. मान्यताप्राप्त प्रोग्रॅम पुरा करणं हाच रस्ता, आणि २०२२ नंतर बॅचलर्सचे नवे प्रवेश बंद झाल्यामुळे तो मास्टर्समधूनच जातो.

पण मेधाताई, तुमची खरी अडचण कोर्स नंबरची नाहीच. 'कंडिशनल' या शब्दाकडे बघा. प्रवेशाच्या अटी पूर्ण झाल्याशिवाय शाळेला आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा फॉर्म) देता येत नाही, २०१६ पासून सरकारची तशी स्पष्ट सूचना आहे. मेच्या मध्याला टर्म संपणार, मग ग्रेड, मग ट्रान्सक्रिप्ट, मग आय-२०, मग मुंबईची व्हिसा मुलाखत. जूनचा पहिला आठवडा गाठणं अशक्य. डिपार्टमेंट "मेपर्यंत" म्हणतं ते इथल्या मुलांच्या हिशेबाने. इंटरनॅशनल ऑफिसलाही विचारा: ही अट प्रवेशाची आहे की वर्ग सुरू होण्याआधीची, आणि आय-२० कोणत्या तारखेला निघेल. डिपार्टमेंट आणि हे ऑफिस, दोघांना एकाच मेलमध्ये घ्या, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात.

संजय, मंगळवार दुपार

मग पहिल्या आठ आठवड्यांची टर्म. येत्या सोमवारी सुरू होतेय, मार्चच्या मध्याला संपते. केमिस्ट्री त्यात बसेल. फिजिक्स गणिताशिवाय बसणार नाही.

वैशाली, मंगळवार संध्याकाळ

फिजिक्ससाठी आधी सवलत मागून बघा. फिजिओथेरपीत बायोमेकॅनिक्स असतं (बल, टॉर्क, तरफा) आणि इलेक्ट्रोथेरपीच्या पहिल्या भागात करंट, रेझिस्टन्स, लहरी. ती शिकली त्या वर्षीच्या सिलॅबसची पानं काढा, प्रत्येक विषयाच्या थिअरी आणि प्रॅक्टिकलचे तास लिहा, शेजारी फिज १४०५ चे विषय मांडा. कॉलेजचा शिक्का घ्या. असा तक्ता पाहून डायरेक्टर निर्णय घेऊ शकतो, नुसत्या मार्कशीटवर नाही.

बायोकेमिस्ट्री विद्यापीठाच्या मार्कशीटवर वेगळी दिसते का तेही बघा. कॉलेजने घेतलेली परीक्षा असेल तर इव्हॅल्युएशनमध्ये (परदेशी डिग्री इथल्या हिशेबाने तपासतात त्यात) तिचं क्रेडिट येत नाही, कॉलेजचं पत्र लागतं. दिसत असेल तर कदाचित केमिस्ट्रीचंही काम तिथेच होईल. इव्हॅल्युएशन 'कोर्स-बाय-कोर्स' हवं. स्वस्तातलं डॉक्युमेंटवालं फक्त 'बॅचलर्सच्या तोडीची डिग्री' एवढंच सांगतं.

नितीन, मंगळवार रात्री

एवढी भानगड कशाला? व्हिजिटर व्हिसावर इकडे बोलवा, लॅब इथेच करू दे. जुलैत आपली क्रिकेट टूर्नामेंट आहे, तिथे प्रथमोपचाराच्या तंबूत बसेल. मागच्या वर्षीसारखं नको व्हायला. आयतीच ट्रेनर मिळेल.

वैशाली, बुधवार सकाळ

नितीन, दोन्ही नको. बी-२ वर, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर, क्रेडिटचा कोर्स घेता येत नाही. तसं केलं तर पुढचा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) धोक्यात येतो.

तंबूचं म्हणशील तर प्रोग्रॅममधली विद्यार्थिनी प्रीसेप्टरच्या (क्लिनिकल शिकवणाऱ्याच्या) प्रत्यक्ष देखरेखीतच रुग्णाला हात लावते, तेही प्रोग्रॅमने ठरवलेल्या जागी. मंडळाच्या मैदानावर एकटी बसवून तिला 'ट्रेनर' म्हटलं तर लायसन्सच्या कायद्याचा प्रश्न येतो, आणि एफ-१ वर कॅम्पसबाहेरच्या कामाचा वेगळा. क्लिनिकलसाठी शाळा-हॉस्पिटलात जातानासुद्धा इंटरनॅशनल ऑफिसला विचारून, सांगितलं तर सीपीटी (अभ्यासक्रमातल्या कामाची परवानगी) घेऊनच जायचं. मेधाताई, हे शाल्मलीलाही सांगा: पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने झाले की त्याच पातळीवरची ओपीटी (शिक्षणाशी संबंधित कामाची दुसरी परवानगी) जाते. आठवड्याला २० तासांपर्यंतची पार्टटाइम त्यात मोजत नाहीत.

टूर्नामेंटला लायसन्सवाला अ‍ॅथलेटिक ट्रेनर दिवसाच्या दराने मिळतो. आत्ताच बुक कर, जुलैत कोणी सापडत नाही.

नितीन, बुधवार दुपार

बरं. पण बर्फाच्या पेट्या आहेत आपल्याकडे. आणखी काय लागतं?

वैशाली, बुधवार दुपार

पेट्यांनी सरबत गार होईल. उष्माघाताला टब लागतो. शेतीच्या दुकानात गुरांच्या पाण्याची १५० गॅलनची टाकी मिळते, ती. सकाळीच अर्धी भरून सावलीत ठेवायची, बर्फ शेजारी तयार. पाणी ४५ ते ६० फॅरनहाइटच्या दरम्यान. माणूस गोंधळला, तोल गेला, बरळायला लागला आणि गुदद्वारातलं तापमान १०४-१०५ च्या वर असेल तर लगेच मानेपर्यंत बुडवायचं, काखेखालून टॉवेल घालून एकाने धरायचं, पाणी सतत ढवळत राहायचं. ढवळलं नाही तर अंगालगतचं पाणी कोमट होतं आणि तापमान उतरायचं थांबतं. १०२ ला आलं की बाहेर. आधी गार करायचं, मग अ‍ॅम्ब्युलन्समध्ये. ९११ ला फोन मात्र बुडवतानाच. कपाळाचा, कानाचा थर्मामीटर इथे चुकीचा आकडा देतो, तंबूतून काढून टाका. आतलं तापमान ट्रेनरच घेईल. ट्रेनर नसेल तर आकड्यासाठी थांबू नका, लक्षणं बघून गार करायला लागा.

मेधा, बुधवार रात्री

टब राहू द्या हो! डायरेक्टरचं उत्तर आलं. केमिस्ट्रीला केम १४०६, सिम्युलेशन लॅब चालेल. फिजिक्सचा तक्ता पाठवा, बघतो म्हणाले. इंटरनॅशनल ऑफिस म्हणतं, दोन्ही गोष्टी १ एप्रिलपर्यंत आल्या तर आय-२० वेळेत. आता लसींचा फॉर्म पाठवलाय, टीबी टेस्ट मागतात. पुण्यात कुठली करायची?

वैशाली, बुधवार रात्री

हातावरची नको. लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रेच्या चकरा. रक्ताची करा, 'इग्रा' म्हणून लॅबमध्ये सांगा. हेपॅटायटिस बी चे डोस झालेत की नाही ते आजच बघा: ०, १ आणि ६ महिने असं वेळापत्रक असतं, शून्यापासून सुरू केलं तर तिसरा डोस वर्ग सुरू झाल्यावर पडेल. डोस झालेत पण कागद नसेल तर अँटिबॉडी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) चालतं. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांचंही तसंच. हे अपुरं असेल तर क्लिनिकलला पाठवत नाहीत, आणि क्लिनिकल पहिल्याच टर्ममध्ये सुरू होतं.

अशोककाका, गुरुवार सकाळ

नितीन, टाकी घेणार असलास तर क्रीडा समितीच्या खात्यातून. प्रथमोपचाराचं बजेट फक्त पेटी आणि बँडेजचं आहे. आणि टूर्नामेंट झाल्यावर ती मंडळाच्या स्टोरेजमध्ये ठेवायची नाही, तिथे मखर आहे.