सोलापूरच्या गाडीतला सीट हीटर : दुरुस्त करावा की कायमचा तोडावा?

जुळे सोलापूरकर (धागाकर्ता)

आमच्याकडे २००९ सालची, जुनी म्हणूनच विकत घेतलेली एक युरोपीय सेडान आहे. तिच्या पुढच्या दोन्ही सीटमध्ये हीटर आहेत. पैकी चालकाकडचा थोडा वेळ तापून बंद पडतो आणि शेजारचा मुळीच तापत नाही, स्विचवरचे दिवे मात्र दोन्हीकडे लागतात. एका ऑटो इलेक्ट्रिशियनने गाडीला हातही न लावता "सोलापुरात याचं काय काम, फ्यूज काढून टाकतो" असा निकाल दिला. मला तो मान्य नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास थंडीत पहाटे पुण्याला निघावे लागते, वडिलांची कंबर धरते आणि पाठीला मिळणारी सौम्य ऊब अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात उपयोगाची ठरते. गाडीत दिलेली सोय बंद पडली की ती तोडून टाकायची, ही आपल्याकडची सवय मला आळसाची वाटते. आपली मते कळवावीत.

बाळीवेसकर

माझे मत त्या इलेक्ट्रिशियनच्या बाजूचे आहे. अमेरिकेच्या कॅडिलॅकने १९६६ साली आणि स्वीडनच्या साबने १९७२ च्या सुमारास ही सोय दिली, ती बर्फात उभ्या राहणाऱ्या गाड्यांसाठी. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा आपल्या गाडीची सीट फुकटात तापते. उरलेल्या पंधरा-वीस पहाटांसाठी पंधरा वर्षे जुनी सीट उसवायची, हा व्यवहार मला समजत नाही. शिवाय हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. हीटरची तार एका जागी अर्धवट तुटली की तेवढ्याच जागी उष्णता साठते, कापड काळे पडते आणि फोम जळू लागतो. गरम पाण्याची पिशवी घ्या आणि निश्चिंत राहा.

होटगीरोडकर

मी वाहनांच्या वायरिंगचे काम करतो. बाळीवेसकरांनी सांगितलेला धोका खरा आहे, परंतु त्यावर सुचवलेला उपाय अपुरा आहे. काही गाड्यांत एकाच फ्यूजवर इतरही जोडण्या असतात. तो काढला की भलतेच काही बंद पडते आणि पुढचा मेकॅनिक तो फ्यूज पुन्हा बसवतो, म्हणजे सदोष हीटर पुन्हा जिवंत होतो. तोडायचाच असेल तर सीटखालचा हीटरचा प्लग सोडवून त्याचे तोंड बंद करावे.

तथापि, तोडण्याआधी मोजावे, एवढे माझे म्हणणे आहे. तुमच्या दोन सीटचे दोष मला वेगवेगळे दिसतात. शेजारच्या सीटचा प्लग काढून हीटरच्या दोन टोकांमधला रोध (रेझिस्टन्स) मल्टीमीटरने मोजा. हीटर साधारण ६० वॅटचा धरला तर १२ व्होल्टवर त्यातून ५ अँपिअर प्रवाह जातो आणि रोध अडीच ओमच्या आसपास यायला हवा. मीटरच्या दोन्ही वायरी आधी एकमेकींना टेकवून जो आकडा दिसेल तो वजा करा, कारण स्वस्त मीटरमध्ये अर्धा ओम तिथेच निघून जातो. काहीच आकडा आला नाही तर तार तुटलेली आहे. अनेक रचनांमध्ये बैठकीचा आणि पाठीचा हीटर एकामागोमाग जोडलेला असतो, त्यामुळे बैठक तुटली की पाठही थंड पडते. मागच्या सीटवरचे सामान काढायला पुढच्या सीटवर गुडघा टेकण्याची सवय असेल, तर शंका आधी बैठकीवर घ्यावी.

चालकाची सीट तापते, म्हणजे तार शाबूत असण्याची शक्यता अधिक आहे. तिथे प्लगची पिन, तापमान मोजणारा सेन्सर आणि बॅटरी पाहावी लागेल. व्होल्टेज घसरले की काही गाड्यांचे मॉड्यूल (हीटरवर नियंत्रण ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग) हीटर आपणहून बंद करते. पिन गंजून हिरवी पडली असेल तर मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि भार पडताच ते कोसळतात. म्हणून जिथे मॉड्यूल नसून साधा स्विच आणि रिले (मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) असतो, अशा रचनेत मी त्या प्लगवर हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब लावून पाहतो. बल्ब मंद पेटला तर दोष सीटच्या आत नसून वाटेत आहे. सीटखाली चिवड्याचा चुरा आणि सांडलेला चहा या दोन गोष्टी मला हमखास सापडतात. दुरुस्ती पुष्कळदा तिथेच संपते.

एक ताकीद मात्र पक्की ध्यानात ठेवावी : त्याच सीटखाली पिवळ्या रंगाचे प्लग असतील तर ते एअरबॅगचे आहेत. त्यांना मीटर लावू नये. सीट हलवण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून किमान दहा मिनिटे थांबावे आणि हे सर्व पिवळे प्लग परत जोडल्याशिवाय इग्निशन चालू करू नये, नाहीतर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर (गाडीतले दोष वाचणारे यंत्र) लागतो.

अक्कलकोट नाका

मोजमापाबद्दल दुमत नाही, पण त्यापुढची पायरीच फसवी आहे. तार तुटलेली निघाली की कोणीतरी "डाग देऊन जोडतो" म्हणणार. डाग दिलेली जागा ताठ होते आणि तिच्या शेजारीच तार पुन्हा तुटते. दुसरा मार्ग म्हणजे बाजारातले कार्बन फायबरचे पॅड. त्यांत थर्मोस्टॅट आहे की नाही याची खात्री नसते आणि बसवणारे कुशनवाले जोडणी सरळ लायटर सॉकेटवरून घेतात. स्वतंत्र फ्यूज आणि रिले नसेल तर असे पॅड बसवूच नये.

आता आपल्या गावचा मुद्दा. इथे मूळ सीटवर जाड रेक्झिनचे कव्हर आणि त्यावर घरचा टॉवेल किंवा चादर असतेच. खाली उष्णता कोंडते, वर बसणाऱ्याला ऊब लागत नाही, म्हणून तो बटण सर्वांत वरच्या पायरीवर ठेवतो. धागाकर्त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितलेली नाही : वडिलांना मधुमेह आहे का? पाय किंवा कंबरेखालची संवेदना कमी झालेल्या माणसाला ४४-४५ अंशांचा स्पर्शसुद्धा काही तासांत भाजू शकतो आणि त्याला ते कळत नाही.

जुळे सोलापूरकर

मधुमेह आहे, आणि हा प्रश्न इलेक्ट्रिशियनने विचारला असता तर मी त्याचे ऐकलेही असते. वडील शेजारच्या सीटवर बसतात, त्यामुळे त्या सीटचा रोध काहीही निघाला तरी तिचा प्लग सोडवून ठेवणार आहे. चालकाची सीट मात्र मी सोडणार नाही. कव्हर काढून पिन साफ करतो आणि बल्ब लावून पाहतो.

बाळीवेसकर

म्हणजे ज्यांच्या कंबरेसाठी धागा निघाला त्यांची सीट थंडच राहणार आणि खटपट उरली ती तुमच्या हौसेची! हौसेला माझी हरकत नाही, पण पाच मिनिटांनी बंद पडणारा हीटर सेन्सरमुळे बंद पडत असेल, तर तो सेन्सर टाळून थेट जोडणी करून देणारे कारागीर आपल्याकडे आहेत, तेवढे होऊ देऊ नका.

होटगीरोडकर

या एका बाबतीत मी बाळीवेसकरांशी पूर्ण सहमत आहे. सेन्सर टाळलेली सीट माझ्याकडे आली तर मी ती जोडून देत नाही. धागाकर्त्यांनी बल्ब लावताना इंजिन चालू ठेवावे, आणि बल्ब हातात न धरता लोखंडी पट्टीवर ठेवावा. तो मिनिटभरात चटका देण्याइतका तापतो.