वाडीवरच्या शाळेत खेळ कशासाठी: कप आणायला की पोरं बोलती व्हायला?

तांबडीमाती

मुरूड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. पट लहान आहे. निम्मी मुलं कातकरीवाडीवरची, बाकी कोळीवाड्यातली आणि गावातल्या आळ्यांमधली. हिवाळी क्रीडा स्पर्धा जवळ आल्या की दरवर्षी तेच होतं. कबड्डीचे सात आणि राखीव चार-पाच निवडायचे, त्यांचा सराव घ्यायचा. चपळ आणि दोन वेळ पोटभर जेवणारी मुलं मैदानात, बाकीची कडेला बसून टाळ्या वाजवणार, नाहीतर पाण्याची कळशी आणणार. केंद्रावर जिंकलो की शाळेचं नाव होतं, फोटो लागतो. पण ज्या पोरांना खेळाची सगळ्यात जास्त गरज असते ती तेवढे दिवस खेळलेलीच नसतात.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात दहा जीवनकौशल्यं सांगितली. निर्णय घेणं, दुसऱ्याचं मन ओळखणं, राग आणि ताण सांभाळणं, नीट बोलणं वगैरे. आमच्या प्रशिक्षणांत ती दरवेळी फळ्यावर लिहिली जातात आणि खाली 'खेळाद्वारे विकास' असं लिहून विषय संपतो. नुसतं खेळलं की ही कौशल्यं अंगात येतात, हे मला मान्य नाही. खेळ दादागिरीही तेवढीच चांगली शिकवतो. काय शिकवायचं ते खेळाचे नियम ठरवतात, आणि नियम आपल्या हातात असतात.

कोलंबियाचा फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबार १९९४च्या विश्वचषकात स्वयंगोल करून घरी परतला आणि मेडेयीन शहरात त्याचा खून झाला. त्यानंतर त्याच शहरात टोळ्यांच्या वस्त्यांमधल्या मुलांसाठी वेगळ्या नियमांचं फुटबॉल सुरू झालं. पंच नाही. मुलगे-मुली एका संघात, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. खेळाआधी बसून नियम ठरवायचे, खेळून झाल्यावर पुन्हा बसून वागण्याचे गुण द्यायचे. आज अनेक देशांत हे खेळलं जातं.

मी हेच कबड्डीत आणलंय. पंच नसतो. ज्याला हात लागला तो स्वतः हात वर करून बाहेर जातो. चढाईची पाळी ठरलेली, एकालाही वगळायचं नाही. डाव संपला की रिंगणातच बसून बोलायचं: कोण खोटं बोललं, कोणी कोणाला सावरलं. घरी कातकरी बोली बोलणारी एक मुलगी वर्गात वर्षभर तोंड उघडत नव्हती. तिचा पहिला मोठा आवाज मी या रिंगणात ऐकला. "त्याला लागलाय हात, मी बघितलं," असं ती गावातल्या पुढाऱ्याच्या नातवाबद्दल म्हणाली. आणि तो गेला बाहेर.

म्हणून मला वाटतं, प्राथमिक शाळेत तरी कपासाठीचे संघ बंद करावेत. तुमचं मत सांगा.

पेणचारेडर

सर, मनापासून विरोध करतो. आमच्या कबड्डी मंडळात मी वीस-बावीस पोरांना शिकवतो. बहुतेकांचे बाप रोजंदारीवर आहेत. पोलिसांत, रेल्वेत, बँकांच्या संघांत नोकरीला लागलेली रायगडातली पोरं तुम्हाला माहीत आहेत ना? ती कपाच्या जोरावर लागली. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. हे सगळं प्रमाणपत्रावर मिळतं. रिंगणात बसून गप्पा मारल्याचं प्रमाणपत्र मिळत नाही.

आणि हरणं. तालुक्याला जाऊन तीस गुणांनी हरल्यावर पोरगं रात्री घरी येतं, आणि सकाळी साडेपाचला पुन्हा सरावाला उभं राहतं. ताण सांभाळणं म्हणतात ते हेच. तुमच्या खेळात कोणी खरं हरतच नाही. मग बाहेरच्या जगात पहिला फटका बसला की काय करणार ती पोरं?

गरिबाच्या पोराला सगळे प्रेमाने जवळ घेतात आणि त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवत नाहीत. मी ठेवतो. तू जिल्हा खेळू शकतोस असं त्याला सांगणारा बहुतेक वेळा मीच पहिला माणूस असतो. २०१४ला प्रो कबड्डी आली तेव्हापासून आयापण विचारतात, पोरगं कधी खेळणार म्हणून. आधी हीच माणसं सरावाला पाठवत नव्हती.

कातळसडा

दोघंही मोठी शाळा डोळ्यांसमोर धरून बोलताय. आमच्या राजापूरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, शाळेत एकूण अकरा मुलं, पहिली ते पाचवी. खो-खोला एका बाजूचे नऊ लागतात. संघ काढायचा की नाही हा प्रश्नच येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात मैदान आणि खेळाचं साहित्य प्रत्येक शाळेला सांगितलंय. पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक कधी, तर सहावी ते आठवीत शंभराच्या वर मुलं असतील तेव्हा. कोकणातल्या किती वाड्यांवर शंभर मुलं आहेत? म्हणजे कायद्यानेच आम्हाला खेळाचा शिक्षक नाही. समग्र शिक्षा अभियानात प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत साहित्य. चेंडू, दोऱ्या, रिंगा आल्या की संपले. मैदान म्हणजे उतारावरचा कातळ. पडलं की गुडघा सोलवटतो, तिथे पकड कोण शिकवणार? आणि जून ते सप्टेंबर पाऊस. आम्ही पडवीत लंगडी खेळतो.

खाडीपलीकडे

मी पनवेल-पेण भागात वीटभट्टीवरच्या कुटुंबांच्या मुलांसोबत काम करते. तुमच्या दोघांच्या वादात ही मुलं कुठेच नाहीत, म्हणून लिहिते.

कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर निघतात. उचल आधीच घेतलेली असते, पावसाळ्यात चूल त्यावरच पेटलेली असते. मग ती फिटेपर्यंत, म्हणजे मे अखेरपर्यंत भट्टीवर. शाळेच्या हिवाळी स्पर्धा होतात डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा ही मुलं विटा उलटवत असतात, धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. तांबडीमाती सर, तुमच्या रिंगणात त्या महिन्यांत वाडीवरची किती मुलं असतात? पेणचारेडर, तुमच्या सकाळच्या सरावाला कातकरी पोरं किती?

आणि 'जीवनकौशल्य' या कल्पनेवरच माझा एक राग आहे. बापाने उचल घेतली म्हणून ज्याची शाळा सुटली त्या मुलाला आपण ताण सांभाळायला शिकवतो. ताण ज्याने दिला त्याला कोणी काही शिकवत नाही. ही मुलं आठव्या वर्षी भट्टीवर भाकरी करतात, पाणी आणतात, मुकादमाशी बोलतात. त्यांच्याकडे कौशल्य कमी आहे असं म्हणायला मी तयार नाही. त्यांना हंगामी वसतिगृह हवं, दाखला हवा, गावातून भट्टीपर्यंत त्यांच्यामागे येणारी शाळा हवी. खेळ त्यानंतर.

मुलींचं तर वेगळंच. सहावी-सातवीत पाळी सुरू झाली की घरून 'आता उड्या पुरे' येतं. चढाईला जायचं तर सलवार-ओढणीत कशी जाणार? शाळेत स्वच्छतागृहाला पाणी नाही. त्या प्रश्नावर तुम्ही कोणी एक ओळही लिहिली नाहीत.

देवगडकार

माका ह्या सगळ्या कौशल्याचा काय कळणा नाय. पोरगो खेळता तो मजा येता म्हणान खेळता. संध्याकाळी पुळणीर चेंडू घेवन धावणाऱ्या पोराक मधी बसवन 'तू काय शिकलंस' इचारलास तर तो दुसऱ्या दिवशी येवचोच नाय. गरिबाच्या पोराक नुसता खेळाचो हक्क नाय काय? प्रत्येक वेळी त्याच्या खेळातसून कायतरी फायदो काढूचो कित्याक?

तांबडीमाती

खाडीपलीकडे ताईंच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: डिसेंबरात वाडीवरची मुलं चार-पाचच उरतात. आजी-आजोबांपाशी राहिलेली. म्हणून माझा सगळा भर ऑगस्ट ते दिवाळीवर असतो. पाऊस असला तरी सभामंडपात खो-खो बसतो, पाट्या थोड्या जवळ आखून.

खो-खोबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे माझ्या मुद्द्याचा खरा जीव आहे. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा पकडली की मागे वळता येत नाही. दोन बसलेल्यांच्या मधून आरपार जाता येत नाही. सगळ्यात वेगवान मुलालाही थांबून, कोणाच्या तरी पाठीमागे जाऊन 'खो' द्यावाच लागतो आणि स्वतः त्याच्या जागी बसावं लागतं. ताकदवानाने ताकद सोडून द्यायची आणि बसलेल्याने क्षणात उठायचं, हे या खेळाच्या पोटातच आहे. त्याला वरून उपदेश जोडावा लागत नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रियंका इंगळे, प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मुलांना ते सामने मोबाईलवर दाखवले तेव्हा 'ती पण कोणाला तरी खो देते' हेच पहिल्यांदा कोणीतरी बोललं.

पाण्याच्या प्रश्नावर तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. आमच्याकडे टाकी बसली, पण फेब्रुवारीनंतर विहीर आटते. मुलींचं खेळणं तेव्हाच कमी होतं, हे मीही बघतो.

देवगडकर, मजा आधी आहेच. म्हणूनच बोलणं पाच मिनिटांच्या वर जाऊ देत नाही.

निवृत्तपेटी

रत्नागिरीत माध्यमिक शाळेत शिकवत होतो. स्पर्धेच्या बाजूने जे लिहिताहेत त्यांच्यासाठी एक जुना प्रयोग. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात मुझफ्फर शेरीफ यांनी साधारण अकरा-बारा वर्षांच्या, चांगल्या घरच्या मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा बक्षिसाच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळले गेले, खोल्यांवर धाडी पडल्या. नुसतं एकत्र जेवायला बसवून भांडण मिटलं नाही. मिटायला लागलं ते पाण्याची टाकी बंद पडली आणि जेवणाची गाडी अडली तेव्हा. तेव्हा दोन्ही गटांना मिळूनच काम करावं लागलं. गाडी ओढायला त्यांनी रस्सीखेचीचाच दोर वापरला.

आपल्याकडे वाडी विरुद्ध वाडी हे आधीच आहे. शिमग्यात पालखी कुठल्या आळीतून आधी जाणार यावरून गावं वर्षानुवर्षं अबोला धरतात. त्यात शाळेने भर घालू नये.

पेणचारेडर

सर, ती एका शिबिरातली अनोळखी मुलं होती. आमच्याकडे ज्याची तंगडी रविवारी धरली त्याच्याच घरी सोमवारी गणपतीला आरतीला जातो. स्पर्धेने वैर वाढतं तसं ओळखही वाढते. माझ्या पोरांचे अर्धे मित्र समोरच्या मंडळातले आहेत.

संघाची जागा हे हत्यार म्हणूनही वापरता येतं. मुंबईत कुलाब्याजवळच्या वस्तीत अशोक राठोड यांनी ऑस्कर फाउंडेशन उभं केलं. त्यांचा नियम साधा: शाळा नाही तर फुटबॉल नाही. पोरगं शाळेत टिकतं कारण त्याला मैदान सोडायचं नसतं. मी पण हजेरी विचारतो. शाळा बुडवली तर दोन दिवस सरावाबाहेर.

खाडीपलीकडे

शहरातल्या वस्तीत हा नियम उपयोगी पडत असेल, तिथे घर तरी एका जागी असतं. आमच्याकडे तो लावला तर भट्टीवर नेलेलं मूल शाळेतूनही जाणार आणि खेळातूनही. ते शाळा बुडवत नाही हो, त्याला नेलं जातं. ज्याच्यापाशी आधीच काही उरलं नाही त्याचा चेंडूही आपणच काढून घ्यायचा?

पेणचारेडर

हे मात्र माझ्या डोक्यात नव्हतं. भट्ट्या आमच्या मंडळापासून लांब नाहीत, रोज बघतो. तिथली पोरं चुरीच्या ढिगावर कबड्डी खेळताना दिसतात. त्यातली दोन-तीन मी आधीच हेरून ठेवलीत, पण मुकादमाशी बोलायला कोण जाणार म्हणून गेलो नाही.

रविवारी दुपारी भट्टी थंड असते का? मी येतो. पण शिकवीन माझ्या पद्धतीने. पाय कसा टाकायचा, मांडी कशी पकडायची, बोनस कधी घ्यायचा. गोल करून बोलायला लावणार नाही.

खाडीपलीकडे

भट्टी रविवारी थंड नसते. आठवड्याचा बाजार असतो त्या दिवशी दुपारी हात मोकळे असतात, तेव्हा या. मालकाशी मी बोलते. मुकादमाशी तुम्ही बोलू नका, त्याला वाटेल पोरं पळवायला आलात.

आणि माझी अट: मुलीही खेळणार. पहिली चढाई त्यांची.

पेणचारेडर

मुली खेळू देत. चढाईला जी चांगली ती जाईल, मुलगी म्हणून पहिली नाही.

खाडीपलीकडे

जिने आजवर कधी चढाई केलीच नाही ती चांगली आहे की नाही हे तुम्हाला कसं कळणार?

तांबडीमाती

आमच्या वाडीवरची तीन कुटुंबं पेणच्या बाजूला गेलीत, बहुतेक त्याच पट्ट्यात. मुलांच्या शिक्षण हमी कार्डांच्या प्रती मी ताईंकडे पाठवतो, म्हणजे जवळच्या शाळेत बसवता येतील. त्यांच्यातल्या एका मुलीला पकडीत उजवा कोपरा फार छान सांभाळता येतो. भाऊ, तिला कडेला बसवू नका.

कातळसडा

आणि साहित्यासाठीच्या त्या ५,००० रुपयांतून भट्टीवर न्यायला एखादा चेंडू, दोर निघतो का ते केंद्रप्रमुखांना विचारा. साहित्य शाळेच्या नोंदवहीत असतं, बाहेर न्यायला लेखी लागतं. आमच्याकडे तेवढ्यावरूनच अडलं होतं.